बटणवालीचे पाय

१

विमान बसलं, ते आकाशातून उतरताना नव्हे. सकाळच्या लख्ख उजेडात हँगरमध्ये जागच्या जागी उभं होतं, तिथेच बसलं.

धाकटी आत चढली, मुख्य स्विच चालू केला, पायाखाली मोटर गुरगुरली आणि गुडघे मोडून जनावर बसावं तसं ते चार माणसांचं विमान पोटावर बसलं. प्रोपेलरचं एक पातं वाकलं, पोटाचा पत्रा चेपला, चाकांची झाकणं तुटून पडली. माणसं वाचली. थोरलीचा घोटा मात्र मुरगळला. ती पंखाला टेकून उभी होती आणि पंख खाली येताना तिने कशीबशी उडी मारली होती. दारात चहाचा कप घेऊन उभे असलेले अण्णा, म्हणजे या दोघींचे वडील आणि या छोट्या विमानशाळेचे मालक, कप हातात तसाच धरून किती तरी वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीची सर्व्हेअर आली. चाळिशीची, सडपातळ, कमी बोलणारी बाई. गळ्यात चष्म्याची दोरी. हँगरच्या दाराशी येऊन तिने आधी विमान पाहिलं नाही. आधी तिने धाकटीकडे पाहिलं.

धाकटी एका पेटीवर बसली होती. पंचविशीची असेल. उन्हाने रापलेलं नाक, गॉगलची पांढरी खूण, खिशात डोकावणारं लायसन्स. सर्व्हेअरची नजर त्या लायसन्सवर अडकली. या वयात तिनेही वर्षभर उड्डाण शिकून घेतलं होतं. मग डोळ्यांची तपासणी झाली, डाव्या डोळ्याने दगा दिला आणि तेव्हापासून ती दुसऱ्यांनी मोडलेली विमानं मोजत फिरत होती. विमानं मोडणारी माणसं तिला कधीच आवडली नव्हती. त्यातही अशी, जिला सगळं घरबसल्या मिळालंय, ती तर मुळीच नाही.

ती वाकून कॉकपिटमध्ये शिरली. चाकांच्या बटणाला लहान चाकाचाच आकार होता, न बघताही हाताला कळावा असा. ते बटण वरच्या बाजूला होतं.

उभ्या विमानात कोणीतरी 'चाकं वर' असा हुकूम देऊन ठेवला होता.

२

"मी बघितलं नाही," धाकटी म्हणाली. "स्विच चालू करायच्या आधी चाकांचं बटण बघायचं असतं. रोज बघते. काल नाही बघितलं."

"का?"

"अण्णा दारात होते. ताई पण होती. सगळे बघत असले की मला घाई होते."

सर्व्हेअरला वाटलं, झालं काम. वैमानिकाची बेफिकिरी. एका ओळीत अहवाल संपत होता, आणि ती ओळ लिहिताना आपल्याला बरंही वाटेल हे तिला कळत होतं. तरी तिने विचारलं, "बटण तू वर केलंस?"

"नाही हो. ते असंच वर होत नाही. आधी बाहेर ओढावं लागतं, मग सरकतं. चुकून धक्का लागून होणारं नाहीच ते."

"भोंगा?"

धाकटी गोंधळली. "कसला?"

"विमान जमिनीवर आणि बटण वर, असं असलं की भोंगा वाजतो. तुला शिकवलं असेल."

"वाजला नाही." ती हळूहळू म्हणाली, जणू आत्ताच तिच्या लक्षात येत होतं. "मॅडम, नुसता वाजायला हवा होता ना? चाकं हलायलाच नको होती."

बरोबर होतं. जमिनीवर बटण वर केलं तर भोंग्याने बोंब मारायची आणि मोटरने हलायचं नाही, अशी रचना होती. काल नेमकं उलटं झालं होतं. भोंगा गप्प बसला आणि मोटर चालली.

सर्व्हेअरने ती एक ओळ मनातच खोडली. तिला वाईट वाटलं, हे तिला स्वतःशीसुद्धा कबूल करावंसं वाटेना.

३

शाळेचा मेकॅनिक बोलताना दर वाक्याला कोणाला तरी चिमटा काढायचा, म्हणून त्याला सगळे चिमटेच म्हणत.

"दोन विमानं, दोन मुली," तो हात पुसत म्हणाला. "त्या कोपऱ्यात उभी आहे ती दांडावाली. थोरली तिच्यावर शिकवते. ही बसलेली बटणवाली, ती धाकटीची. पंख तेच, इंजिन तेच, फरक फक्त पायांत. दांडावालीत दोन सीटच्या मधे लोखंडी दांडा आहे. उभा करून खोबणीत अडकवला की चाकं खाली, जमिनीशी झोपवला की वर. माणसाचा दंड हीच मोटर. वर्षभरात तिला ग्रीस आणि एखादं बुश लागतं, बस. आणि या राणीला मोटर, मोटरचे कार्बन, गिअरबॉक्स, त्यातली स्प्रिंग, दोन्ही टोकांना स्विच आणि त्या सगळ्यांना सांभाळणाऱ्या वायरी. माझं अर्धं आयुष्य हिच्या पोटाखाली गेलं."

"म्हणजे ही गेली तर तुम्ही सुटलात."

"सुटलो असतो की. पण हँगरच्या चाव्या तीन. अण्णांकडे एक, दोघी मुलींकडे एकेक. मला मालकाने दिली नाही, इतका माझ्यावर विश्वास. परवा संध्याकाळी मी कॉकपिट झाडलं तेव्हा बटण खाली होतं. काल सकाळी मी आलो तो आवाज ऐकूनच."

मग तो जरा जवळ सरकला. "तुम्हाला निवाड्याचं सांगितलं का कोणी?"

सांगितलं नव्हतं. शाळेला दोन विमानं परवडेनाशी झाली होती. अण्णांनी वर्षाच्या सुरुवातीला जाहीर केलं होतं, की जिच्या देखभालीचा खर्च कमी ती राहील आणि तिच्यावर शिकवणारी मुलगी शाळा चालवील. दुसरीने दुसरीकडे नोकरी बघावी. वर्ष संपत आलं होतं.

"पैज लावायची असती तर मी डोळे मिटून दांडावालीवर लावली असती," चिमटे म्हणाला. "पण मजा बघा. या वर्षी बटणवालीला काही झालंच नाही. मोटर कुरकुरली नाही. पाय खचले होते, ते मी अण्णांना सांगितलं. पायातल्या रबराच्या चकत्या दबून दबून भाकरी झाल्या होत्या. म्हटलं, नवं रबर मागवा. ते म्हणाले, बघू. मागवलं नाही. दोघींचे खर्च आता असे जवळ आलेत, की थोरलीची झोप उडालीय."

"रबर दांडावालीलाही लागतं?"

"रबर दोघींना सारखंच. जमीन दोघींनाही सारखीच लागते ना."

४

अण्णांनी खुर्ची पुढे केली. मोठ्या हाडाचा, आवाज चढवायची सवय नसलेला माणूस. तरुणपणी, बटणाची विमानं यायच्या आधी, ते स्वतः मेकॅनिक होते, पाना हातात धरूनच वर आले होते. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. दारात सापडला, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

"थोरलीवर संशय घेऊ नका," ते म्हणाले. "ती पंखाला टेकून उभी होती. पाय चिरडला असता तिचा. विमान पाडायचं असतं तर कोणी त्याच्याच खाली उभं राहील का?"

"आणि तुम्ही तिथे कसे?"

"चहाला." त्यांचा चेहरा मऊ झाला. "एरवी थोरली मला चहा आणून देत नाही, मॅडम. धाकटी देते. काल मात्र तीच कप घेऊन आली. म्हणाली, चला अण्णा, हँगरमध्येच घेऊ, छोटीचं काम बघत बघत. मला बरं वाटलं."

थोरली बाहेर भिंतीशी बसली होती. घोट्याला पट्टी बांधलेली. बहिणीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, केस घट्ट बांधलेले, बोलणं त्याहून घट्ट.

"बटणाचं मला काय विचारता? माझं विमान दुसरं आहे."

"चावी तुमच्याकडेही आहे."

"तिच्याकडेही आहे. आणि अण्णांकडे. अण्णांचं मन कुठे आहे ते सगळ्या शाळेला ठाऊक आहे." इथे थांबायला हवं होतं, पण तिला थांबता आलं नाही. "मी बारा हिवाळे त्या दांड्याशी झुंजले. हात बघा. ती आली आणि तिच्यासाठी बटणाचं विमान आलं. तिने नखं वाढवलेली चालतात. अण्णांना ती हसली की दुसरं काही दिसत नाही. मी चांगली शिकवते, हे त्यांना माहीत आहे. पण माहीत असणं आणि आवडणं यात फरक असतो."

सर्व्हेअरने तिचे हात पाहिले. तळव्यावर दांड्याचा घट्टा होता. या बाईचा राग तिला इतका ओळखीचा वाटला, की तिने नजर वळवली.

"तुमचा पाय थोडक्यात वाचला," ती म्हणाली.

"हो," थोरली म्हणाली. "मला वाटलंच नव्हतं."

एवढंच बोलून ती लंगडत आत गेली.

५

दुपारी चिमटेने जॅक लावून बटणवाली उचलली. मोटर मेली होती, पण हाताने चाकं सोडायचा क्रँक शाबूत होता. त्याने तो फिरवून चाकं खाली घेतली.

डाव्या पायाच्या जोडाशी एक छोटा स्विच होता. चिमटे त्याला पहारेकरी म्हणायचा. विमानाचं वजन पायावर आलं की पाय दबतो आणि एक लोखंडी बोट त्या स्विचवर टेकतं. बोट टेकलं की पहारेकऱ्याला कळतं, विमान जमिनीवर आहे. मग कोणी बटण वर केलं तरी तो मोटरकडे वीज जाऊ देत नाही, उलट भोंगा वाजवतो.

"मुख्य स्विच लावा आणि बटण वर करून ठेवा," सर्व्हेअरने सांगितलं आणि बोटाने तो स्विच दाबला.

भोंगा असा बोंबलला, की अण्णा ऑफिसातून बाहेर आले.

पहारेकरी चांगला होता. भोंगा चांगला होता. वायर कोणी कापलेली नव्हती. मग काल तो गप्प का होता? क्षणभर तिला वाटलं, कोणीतरी पहारेकरी बिघडवला हा आपला तर्क फसला.

"विमान चाकांवर टेकवा," ती म्हणाली. "हळू. आधार काढू नका."

चिमटेने जॅक उतरवला. विमान स्वतःच्या पायांवर आलं. दोघंही खाली वाकले. विमानाचं वजन पायावर होतं आणि तरीही ते लोखंडी बोट स्विचच्या वर मोकळं लटकत होतं. मधून सहज पेन्सिल गेली असती.

"पाय उंच झालेत," सर्व्हेअर म्हणाली.

चिमटेने टॉर्च मारला. पायात रबराच्या चकत्यांची चळत होती. चकत्यांच्या कडा धारदार होत्या, त्यांच्यावर कारखान्यातली पांढरी पावडर अजून होती, आणि एकही दबून फुगलेली नव्हती. कोरं, कडक रबर.

चिमटेने पहिल्यांदाच कोणाला चिमटा काढला नाही.

"मी घातलेलं नाही," तो म्हणाला. "मी घातलं असतं तर ते बोट परत खाली बसवून घेतलं असतं. रबर बदललं की ते करावंच लागतं, नाहीतर पहारेकऱ्याला कायम वाटतं विमान हवेत आहे. त्यातून काल टाकी रिकामी, आत धाकटी एकटी. वजनच नव्हतं. हे ज्याने केलं त्याला रबर बसवता येतं, पण या स्विचचं काही माहीत नाही."

"दांडावालीला असा स्विच असतो?"

"दांडावालीला कशाला? तिथे मोटरच नाही, तर राखण कोणाची करायची?"

"म्हणजे ज्याचा हात दांडावालीवरच बसलाय, असा माणूस."

चिमटेने मान वर केली. हँगरच्या दारात अण्णा उभे होते आणि काळंनिळं नख दुसऱ्या हाताने झाकत होते. रबराची चळत दाबून बसवताना निसटली की अंगठाच सापडतो, हे चिमटेला कोणी सांगायची गरज नव्हती.

६

पण रबर काही बटण वर करत नाही. अण्णांना बटणवाली पाडायची असती, तर तिला स्वतःच्या हाताने नवे पाय कशाला दिले असते?

सर्व्हेअर बाहेर गाडीत जाऊन बसली. काचेतून धाकटी दिसत होती. मोडलेल्या झाकणांचे तुकडे गोळा करून ती एका खोक्यात भरत होती. सर्व्हेअर तिच्याकडे बघत राहिली आणि आपण सकाळपासून तिचं काय वाईट चिंतत होतो, हे तिने एकदा नीट तपासून पाहिलं. हिला तुरुंगात टाकावं असं वाटलं होतं का? नाही. हिला इजा व्हावी असं? छे. एवढंच वाटलं होतं, की हिची मान खाली जावी आणि ती खाली गेलेली हिच्या बापाने बघावी.

हेवा वाटतो त्याचा जीव नको असतो. फजिती हवी असते, आणि बघायला नेमकं माणूस हवं असतं.

ती गाडीतून उतरली. तिने तिघांना विमानापाशी बोलावलं, आणि चिमटेलाही.

"हे दोघांनी मिळून केलंय," ती म्हणाली, "पण एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. अण्णा, रबर तुम्ही घातलंत."

अण्णांनी नाही म्हटलं नाही. "सुट्टीच्या दिवशी. माझ्या खिशातून. वर्षाच्या खर्चात धरलं असतं तर धाकटी हरली असती. तो स्विच... मला त्या स्विचचं ठाऊक नव्हतं."

धाकटीने हातातलं खोकं खाली ठेवलं.

"तुम्ही बटणाला हात लावला नाहीत. धाकटीला आपलं विमान मोडून काही मिळत नव्हतं. चिमटेंकडे चावी नाही." सर्व्हेअर थोरलीकडे वळली. "तुम्ही पंखाला टेकून उभ्या होता, म्हणून तुमच्यावर कोणी संशय घेतला नाही. मी तेच उलटं धरून बघितलं. बटण वर आहे हे माहीत असूनही जो पंखाखाली उभा राहतो, त्याला खात्री असते की विमान हलणार नाही. पहारेकरी अडवेल, भोंगा वाजेल, धाकटी दचकेल, आणि बटण न बघता स्विच लावला म्हणून सगळ्यांसमोर तिची लाज जाईल. म्हणूनच तुम्ही काल चहा घेऊन गेलात. भोंगा ऐकायला अण्णा हवे होते."



"सकाळी लवकर येऊन केलं," थोरली म्हणाली. "नुसता वाजणार होता. वाजून बंद झाला असता. मी तिला मारायला निघाले नव्हते. पंख माझ्या पायावर आला तेव्हा मला समजेना, की पहारेकरी गेला कुठे." मग ती अण्णांकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता. "अण्णा, रबर धरलं असतं तर कोण जिंकलं असतं?"

अण्णांनी खोक्यातला एक तुकडा उचलून बघितला.

"सांगा ना."

"तूच," अण्णा म्हणाले.

थोरली हळूच खाली बसली, दुखऱ्या पायावर भार न देता. चोरून जिंकायची तिला गरजच नव्हती. ती सरळ जिंकत होती आणि तिच्या बापाने ते तिच्यापासून लपवलं होतं.

रडली ती धाकटी. ती बहिणीवर चिडली नाही. अण्णांना म्हणाली, "मला हरू द्यायचं होतंत. मी दुसरीकडे नोकरी केली असती. आता मी जिंकले असते तरी ते माझं नसतं, आणि ताई हरली असती तरी ती तिची हार नसती. दोघींना तुम्ही काय ठेवलंत?"

"मला वाटलं, थोरली कुठेही तरून जाईल," अण्णा म्हणाले. "तुझी मला काळजी वाटायची."

"माझी कोणाला कधी काळजी वाटली नाही," थोरली म्हणाली. "तेच तर."

७

सर्व्हेअरने अहवाल खरा लिहिला. बटणाचं लिहिलं, रबराचंही लिहिलं, आणि धाकटीने बटण बघितलं नाही हेही सोडलं नाही. विमा मिळाला नाही. थोरलीचं लायसन्स काही काळ काढून घेतलं गेलं. बटणवाली सुट्या भागांसाठी विकली गेली. तिला ट्रकवर चढवत होते तेव्हा चिमटे तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि नंतर म्हणाला, उगाच शिव्या दिल्या बिचारीला.

शाळा चालवायची, तर उरलेल्या एका विमानावर शिकवायला कोणीतरी हवं होतं, आणि लायसन्स होतं ते धाकटीकडे. पण धाकटीने दांडा कधी धरला नव्हता.

शेवटच्या कागदांवर सह्या घ्यायला सर्व्हेअर गेली, तेव्हा दांडावाली हँगरमध्ये जॅकवर उचलून ठेवलेली होती. चाकं अधांतरी. आत दोघी बहिणी बसल्या होत्या, थोरली उजवीकडे. दार उघडं होतं.

"खांद्याने नाही, पाठीने," थोरली सांगत होती. "कडी सोड, मागे ओढ, आणि मधे थांबू नकोस. थांबलीस की त्याला कळतं तू घाबरलीस."

धाकटीने ओढला. दांडा अर्ध्यावर अडकला आणि तिचं कोपर सीटला आपटलं.

"नखं काप आधी," थोरली म्हणाली.

अण्णा लांब आपल्या ऑफिसच्या दारात उभे होते. जवळ आले नाहीत. त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं.

धाकटीने पुन्हा कडी सोडली. या खेपेला दांडा एका दमात मागे गेला, जमिनीशी झोपला, आणि खाली चाकं खटकन आत ओढली गेली. इतक्या सफाईने, की चिमटेनेही काम थांबवून पाहिलं. थोरलीला हे जमायला पहिल्या वर्षी कित्येक आठवडे लागले होते, असं चिमटे नंतर सर्व्हेअरला सांगणार होता.

धाकटी हसून बहिणीकडे वळली. सर्व्हेअर दाराशी उभी राहून थोरलीचा चेहरा बघत होती. त्या चेहऱ्यावरून काय सरकून गेलं, ते तिथे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. तिला कळलं. तो जुना हेवा गेला नव्हता. इतक्यात जाणारही नव्हता.

थोरलीने दांड्यावर हात ठेवला, तो उभा करून खोबणीत अडकवला आणि बहिणीचा हात धरून त्यावर ठेवला.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. ते म्हणायला तिला थोडा वेळ लागला. "आता पुन्हा."